काही करत नाही हो

गेल्या वर्षी आषाढात, सलग तीन दिवस पाऊस लागून राहिल्यानंतरच्या एका सकाळी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला. पुण्यातल्या बावधनच्या टेकडीच्या पायथ्याशी, हळूहळू बुजवत आणलेल्या एका ओढ्याच्या काठावर आमच्या चार इमारती उभ्या आहेत, तेव्हा साप निघण्यात नवल काहीच नव्हते. नवल करावे असे जे घडले ते माणसांकडून घडले. सोसायटीच्या सभेत कोणाचेही ऐकून न घेणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पाय वर घेऊन स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटवर बसले. एकाने लादी पुसायचा वायपर बंदुकीसारखा रोखून धरला. कोणी नाग म्हणाले, कोणी अजगराचे पिल्लू म्हणाले, आणि मुळशीकडच्या आमच्या वॉचमनने एकच शब्द उच्चारला : ‘जनावर’. साप मात्र एका स्कूटरच्या मागच्या चाकाभोवती अर्धा वळसा घालून गप्प पडला होता, कारण चारी बाजूंना माणसे उभी राहिल्यामुळे त्याला निघून जायला वाटच उरली नव्हती.

मी चार वर्षांच्या नातीला, ओवीला, बालवाडीच्या व्हॅनपर्यंत सोडायला खाली आले होते. सगळे जण बोटे दाखवत असताना तिने सापाकडे आधी पाहिलेच नाही. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिले, तिथे काय दिसायचे ते पाहून घेतले, मग सापाकडे पाहिले आणि त्यानंतरच ती रडू लागली.

वीस मिनिटांनी एक सर्पमित्र आला. पंचविशीतला मुलगा, हातात हूक आणि कापडी पिशवी. त्याने गुडघ्यावर बसून दोन मिनिटे नुसते पाहिले, मग शेपटी धरून ते सहा-साडेसहा फुटांचे पिवळसर तपकिरी अंग चाकातून इतक्या सावकाश सोडवून घेतले की एखादी आई झोपलेल्या मुलाचे झबले उतरवते आहे असे वाटावे. ‘धामण आहे काकू,’ तो म्हणाला, ‘काही करत नाही ती. उंदरांच्या मागावर आली असणार. तुमचा ओला कचरा तिकडे मागे साठतो ना?’ कोणीतरी फोटोसाठी साप जरा वर धरायला सांगितले, त्याला त्याने स्पष्ट नकार दिला आणि पिशवीचे तोंड बांधले. सोसायटीत त्यानंतर आठवडाभर चर्चा सापाची झाली. ओल्या कचऱ्याचा विषय पुढच्या सभेवर गेला, आणि अजून तिथेच आहे.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून तो टक लावून बघतो आहे असे आपल्याला वाटते. त्याला बाहेरचा कान नसतो. तो जीभ बाहेर काढतो ती हवेतला वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोहोचवण्यासाठी, कोणाला डिवचण्यासाठी नव्हे. हे सगळे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवले आणि त्यावर प्रश्नही विचारले. धामण बिनविषारी असते हे आठवीच्या मुलांना पाठ होते. तरीही त्या सकाळी माझ्या तोंडावर ओवीला जे दिसले ते त्या अठ्ठावीस वर्षांतले काही नव्हते. ते त्याआधीचे होते, आणि ते कुठून आले याचा शोध घ्यावा असे मला त्या दिवसापासून वाटत राहिले.

माझी आजी वेल्ह्याकडची. तिच्या घरात दिवस मावळल्यावर ‘साप’ हा शब्द तोंडातून काढायचा नसे. जनावर म्हणायचे, लांबडे म्हणायचे, आणि कोणाला साप चावला तर ‘पान लागले’ एवढेच बोलायचे. लहानपणी मला ते खाऊच्या पानाबद्दल बोलणे वाटे आणि पान लागल्याने माणसे रडतात का, हे कळत नसे. शब्द उच्चारला तर ती गोष्ट अंगणात येईल, अशी ती भीती होती. नागपंचमीला मात्र हीच आजी पाटावर गंधाने नाग काढी, लाह्या वाही, दुधाची वाटी ठेवी. त्या दिवशी विळी मांडायची नाही, काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडे उकडायची. हळदीच्या पानाचा वास असलेली ती गरम दिंडे आणि वर तूप, हीच माझी नागोबाची पहिली ओळख. साप दूध पीत नाही हे मी पुढे शिकले आणि शिकवले. पण श्रावण हाच बिळे पाण्याने भरण्याचा आणि भातखाचरांत अनवाणी उभे राहण्याचा महिना आहे, हे लक्षात घेतले की त्या दिवशी हत्यार आणि आग घरातच बंद ठेवण्याची रीत मला अजिबात बावळट वाटत नाही. वर्षभर ज्याचे नाव काढायचे नाही त्याला एक दिवस पाटावर बसवून त्याच्याशी तह करायचा, असा तो प्रकार होता.

आपल्याकडे भ्रमाचे सर्वांत जुने उदाहरणही सापाचेच आहे. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, दिवा आणला की दोरी दोरीच राहते; वेदान्ताने हा दृष्टान्त शतकानुशतके वापरला आणि कीर्तनकारांनी तो घरोघर पोहोचवला. मला आता वेगळाच प्रश्न पडतो. दोरीच्या जागी साप दिसतो, पण सापाच्या जागी दोरी दिसल्याचा दृष्टान्त कोणी का दिला नाही? उत्तर बहुधा असे की, दोरीला साप समजणाऱ्याची नुसती उडी वाया गेली, आणि सापाला दोरी समजणारा पुढे काही सांगायला उरला नाही. जगून राहिलेल्यांचे वंशज म्हणून आपल्या वाट्याला पहिली चूक आली आहे.

अगदी याच धर्तीची मांडणी लिन इझबेल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने २००६ मध्ये केली. माकडांची आणि पर्यायाने आपली नजर इतकी तीक्ष्ण का झाली, याच्या अनेक कारणांपैकी साप हे एक मोठे कारण असावे, पानापाचोळ्यात दबून बसलेला साप वेळीच दिसणे हा जन्ममरणाचा प्रश्न असल्यामुळे डोळा आणि मेंदू त्या कामासाठी घडत गेले असावेत, असे तिचे म्हणणे आहे. सगळ्यांना ते पटलेले नाही. पण पुढे २०१३ मध्ये मकाक माकडांच्या मेंदूतल्या थॅलॅमसच्या एका भागात अशा चेतापेशी आढळल्या की ज्या सापाच्या चित्राला, माकडांच्या चेहऱ्यांच्या किंवा हातांच्या चित्रांपेक्षा, अधिक वेगाने आणि जोराने प्रतिसाद देत होत्या. म्हणजे ‘साप’ हा शब्द मनात उमटण्याआधीच पाय मागे आलेला असतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव नुसता भित्रेपणाचा नाही.

याहून मला जास्त विचार करायला लावला तो सुसान मिनेका या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीच्या प्रयोगांनी. प्रयोगशाळेतच जन्मलेली ऱ्हीसस माकडे सापाला घाबरत नव्हती. सापाच्या पलीकडे ठेवलेला खाऊ ती खुशाल हात घालून घेत. जंगलात वाढलेली माकडे मात्र पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटत. मग या धीट माकडांना त्या घाबरलेल्या माकडांकडे नुसते बघू दिले. काही मिनिटांच्या बघण्यात ती शिकली आणि तीन महिन्यांनीसुद्धा विसरली नव्हती. त्यांना साप चावला नव्हता, त्याने फूत्कारही टाकला नव्हता. त्यांनी फक्त दुसऱ्याचे तोंड पाहिले होते. पुढचा भाग आणखी विलक्षण आहे. चित्रफितीत फेरफार करून तेच घाबरलेले माकड एकदा खेळण्यातल्या सापापुढे आणि एकदा फुलांपुढे घाबरते आहे असे दाखवले. सापाची भीती बघणाऱ्यांना लागली, फुलांची लागली नाही. खेळण्यातल्या मगरीची लागली, सशाची नाही. जमीन नांगरून तयार असते, बी मात्र दुसऱ्याच्या हातून पडते, असे मी हे वर्गात सांगितले असते. पण निवृत्त होईपर्यंत मला हे माहीत नव्हते.

माणसांच्या बाळांबाबतही जवळपास असेच दिसते. सहा महिन्यांच्या बाळांना मासा आणि साप यांची चित्रे दाखवली तर सापाच्या चित्रापुढे त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अधिक विस्फारतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. याला भीती म्हणू नये. बाळ रडत नाही, मागे सरत नाही; त्याचे लक्ष फक्त खडबडून जागे होते, आणि या जागेपणाचे पुढे काय करायचे ते त्याला कडेवर घेतलेल्या माणसावर सोपवलेले असते.

आता या भीतीचा आणि धोक्याचा हिशोब कुठे जुळतो ते पाहू गेले, तर तो विचित्रच लागतो. आपल्याकडे माणसे मारणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांपैकी फणा काढून ‘मी आहे’ असे सांगणारा नाग तेवढा चित्रांत, सिनेमांत आणि देवाच्या डोक्यावर दिसतो. मण्यारीला कोणी विचारत नाही. काळीनिळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, दिवसा मुटकुळे करून पडून राहणारी आणि हात लावला तरी सहसा न चावणारी ही मण्यार रात्री उंदीर-पाली आणि लहान साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. माझ्या वडिलांचा एक चुलतभाऊ दहा वर्षांचा असताना असाच गेला. पहाटे तो पोट दुखते म्हणून उठला. आजीने ओवा दिला, पोटावर हिंग चोळला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा मुलाला झोप येते आहे, बरे वाटेल, असे समजून सगळ्यांनी त्याला झोपू दिले. दुपारपर्यंत त्याचा श्वास थांबला. संध्याकाळी गोधडी झटकताना त्यातून जे पडले ते पाहिल्यावर उलगडा झाला. त्या घरात कोणी आरडाओरडा केला नव्हता, कोणी काठी शोधली नव्हती, कारण भ्यायला समोर कोणी नव्हतेच. त्यानंतर आजीच्या घरी सगळी मुले मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपत. आणि आजीला डासांची पर्वा नव्हती हे मला मोठेपणी कळले.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली असावीत, म्हणजे दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. ती बहुतेक खेड्यांतली, बरीचशी पावसाळ्यात गेलेली, आणि त्यांत पंधरा वर्षांखालची मुले पावपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ मध्ये. वेल्ह्यातल्या आजीची भीती आणि बावधनच्या पार्किंगमधली भीती यांना मी म्हणूनच एका मापाने मोजत नाही. आजीने तिची किंमत मोजली होती. आमची वडिलोपार्जित आहे; शेत गेले, खाचरे गेली, अनवाणी पाय गेले, आणि भीती तेवढी सातबारावर नाव राहावे तशी राहिली.

पुण्याने या बाबतीत एक वेगळा माणूसही पाहिला. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत बहात्तर सापांबरोबर बहात्तर तास काढले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. वर्तमानपत्रातले ते छायाचित्र आमच्या वाड्यात हातोहात फिरले आणि ‘हा माणूस वेडा तरी असला पाहिजे नाहीतर मांत्रिक तरी’ यावर वाड्याचे एकमत झाले. सापाला डिवचले नाही तर तो आपण होऊन चावत नाही, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि पुण्यातल्या किमान दोन पिढ्यांच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. मी स्वतः दर वर्षी वर्ग घेऊन जात असे. मुले पहिल्या काचेपाशी किंचाळत, चौथ्या काचेपाशी कंटाळत आणि सहाव्या काचेपाशी डब्यांची चौकशी करत. आपल्या डब्याची म्हणजे, सापाच्या नव्हे. मी मात्र काचेपासून दोन पावले मागे उभी राहून माहिती सांगे, आणि ते दोन पावलांचे अंतर एखाद्या तरी मुलाने नक्की टिपले असणार.

कुत्र्याचा मामला अगदी निराळा आहे. त्याच्यासाठी आपल्यात कोणी जमीन नांगरून ठेवलेली नाही. उलट सगळ्यांत जुना सोबती तो. जर्मनीत बॉन शहराजवळ सापडलेल्या सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर कुत्राही पुरलेला आहे. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. असे असताना काही विशिष्ट कुत्री दिसली की माझ्या पोटात खड्डा पडतो, तो कोणी खणला हे मला सांगता येते. तारीख आठवत नाही, जागा आठवते.

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत आईच्या मैत्रिणीचे घर होते. त्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी बंगला, फाटकाला ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची पाटी, आणि आत एक डॉबरमन. तो काळा, उंच, कान कापून उभे केलेले, शेपूट छाटलेली. तो भुंकत नसे. फाटकाच्या गजांमागून आपल्या चालण्याच्या वेगाने आतल्या आत चालत येई, कुंपण संपले की थांबे. बस्स, एवढेच. त्या बंगल्याची भिंत सुरू झाली की आईचा हात माझ्या हाताभोवती घट्ट होई आणि भिंत संपली की सैल पडे. तिने एका शब्दानेही मला भिववले नाही. बोलणे चालू असे, भाजी काय करायची वगैरे, आणि खाली हाताची ती आवळलेली मूठ. मी डॉबरमन शिकले ते त्या मुठीतून. त्या कुत्र्याने मला कधी स्पर्शही केला नाही.

ज्याने केला त्याची गोष्ट सांगते. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात राजा नावाचा एक तांबडा गावठी कुत्रा पडलेला असे. शिळी पोळी हा त्याचा पगार. मी नऊ वर्षांची असताना लगोरी खेळताना पाठमोरी पळत आले आणि त्याच्या पंजावर पाय दिला. तो मला पोटरीला कडकडून चावला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, आणि महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसापुढे ‘चौदा इंजेक्शने’ एवढेच शब्द उच्चारा, तो आपोआप बेंबीवर हात नेईल. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस होती. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी विकसित केलेली पद्धत आपण जवळजवळ शंभर वर्षे वापरली. दवाखान्यातल्या लाकडी बाकावर मी रोज सकाळी झोपत असे आणि कंपाउंडर कालच्या गाठीपासून बोटभर अंतर मोजून आजची जागा ठरवत असे. पाचव्या दिवसापासून पोट थालीपिठाच्या कडेसारखे कडक लागू लागले. राजाला दहा दिवस जिन्याखाली सुतळीने बांधून ठेवले होते, कारण पिसाळलेला कुत्रा तेवढ्या दिवसांत मरतो; तो मेला नाही, उलट बसल्या जागी पोळ्या मिळाल्यामुळे गुबगुबीत झाला. अकराव्या दिवशी त्याला सोडला तेव्हा मी पोट धरून हसत होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे किती अवघड होते ते मला अजून आठवते.

ही जखम माझ्या पोटरीवर आजही आहे. तरीही गल्लीतल्या कुत्र्यांची मला भीती वाटत नाही. कर्वे रस्त्यावर रात्री दुचाकीमागे धावणाऱ्या टोळक्याचीही नाही. गाडी हळू केली, उभी केली की ती गोंधळून थांबतात. ज्याने चावा घेतला त्याच्या जातीला मी भीत नाही, आणि गजांआड निमूट चालणाऱ्याला भिते. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितो म्हणतात. माझे तोंड दुधाने पोळले आणि मी फुंकते आहे ती दुसऱ्याच वाटीवर. राजा चावला तेव्हा आई घाबरली नव्हती. तिने पाच मिनिटे नळाखाली पाय धरला, साबण चोळला, राजाला शिव्या दिल्या, मला एक धपाटा घातला आणि रिक्षा बोलावली. माझ्या वाट्याला आले ते दुखणे, भीती नव्हे.

हिशोबाने पाहिले तर आईची ही वाटणी उलटी होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळपास अशक्य, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी नव्याण्णव टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांकडून येतो. तो पाळलेल्या, लस टोचलेल्या, चकचकीत डॉबरमनकडून येण्यापेक्षा गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्याकडून, कधी तर मुलांनी खेळायला उचललेल्या पिल्लाकडून येण्याचा संभव कितीतरी अधिक. त्यात त्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने केलेले नुकसान वेगळेच. मुले चावा लपवत, मोठी माणसे मिरची किंवा चुना भरून मोकळी होत. पोटातली लस बंद होऊन वीस वर्षे झाली, आता दंडात चार-पाच टोचण्यांत काम होते, जखम खोल असेल तर जोडीला प्रतिद्रव्याचे इंजेक्शन जखमेत देतात. तरी आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला कुत्रा चावला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘पोटात द्यायची का?’ हाच होता.

‘भयंकर’ ठरणारी कुत्र्याची जात दर पिढीला बदलते, ही गंमतही पाहण्यासारखी आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला अल्सेशियनची दहशत होती. मुळात तो जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांना ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला म्हणून त्यांनी त्याचे नाव बदलले आणि १९७७ पर्यंत ते अधिकृतपणे पूर्ववत केले नाही. पुण्यातले जुने लोक आजही अल्सेशियनच म्हणतात. माझ्या पिढीला डॉबरमन आला. जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या लुई डोबरमान नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाने ही जात तयार केली, हे कळल्यावर मला त्या गजांआडच्या पहारेकऱ्याबद्दल प्रथमच थोडी आपुलकी वाटली. करवसुलीला जाणाऱ्याला सोबत लागणारच. माझ्या मुलाच्या पिढीला रॉटवायलर आणि पिटबुल. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून काही जातींवर निर्बंध घातले. आपल्याकडे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींची यादी काढून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द ठरवले. त्या यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, माझा डॉबरमन नव्हता. मला, खरे सांगायचे तर, किंचित अपमान झाल्यासारखे वाटले.

अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, एका कुत्र्याच्या वागण्यात आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीने समजावता येतो. बाकीच्यात त्याचा स्वतःचा पिंड, वाढणे, शिकवण, साखळी, मालक असे सगळे येते. हा आकडा हाती आला की श्वानप्रेमी तो ढालीसारखा वापरतात, आणि तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही. स्वभाव जातीवर ठरत नसेल, जबडा तर ठरतो. पामेरियनचे डोके फिरले तर पायजमा फाटतो; पन्नास किलोच्या कुत्र्याचे फिरले तर काय होते, याच्या बातम्या आपण वाचतो. एखाद्या मुलीला घेऊन लिफ्टमध्ये शिरणाऱ्या बाईने नऊ टक्क्यांचा विचार करावा ही अपेक्षा फार झाली. पण कान कापून उभे करायचे, गळ्यात काट्यांचा पट्टा घालायचा, फाटकावर पाटी लावायची, म्हणजे लोकांनी घाबरावे याची चोख व्यवस्था करायची, आणि लोक घाबरले की हसून म्हणायचे, ‘काही करत नाही हो तो!’ हे मात्र मला शुद्ध पुणेरी कांगावा वाटतो. त्या सर्पमित्राने नेमके हेच शब्द धामणीबद्दल वापरले होते, परंतु तो आधी गुडघ्यावर बसून दोन मिनिटे बघत राहिला होता.

आमच्या आठव्या मजल्यावर गेल्या दिवाळीत रॉटवायलर आला. नाव लाडू. काळा, छातीवर तांबूस ठिपके, डोके एखाद्या पाट्याएवढे. त्याचा मालक सभ्य मुलगा आहे, लाडूला पट्ट्याशिवाय खाली आणत नाही. पार्किंगमधल्या त्या सकाळपासून मी मनाशी ठरवले होते की, ओवी वर पाहील तेव्हा तिला माझ्या तोंडावर काही मिळता कामा नये. त्यासाठी मी काही दिवस, हसू येईल, पण आरशासमोर उभी राहून सरावही केला होता. परवा संध्याकाळी आम्ही दोघी लिफ्टमध्ये होतो आणि तळमजल्यावर दार उघडले तर समोर लाडू आणि तो मुलगा. ‘तुम्ही जाऊन या काकू, आम्ही थांबतो,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘अरे, ये की. जागा आहे.’ दोघे आत आले. लाडू बसला. त्याच्या श्वासाने स्टीलच्या भिंतीवर बशीएवढे धुके धरले आणि विरले. ओवीने, अपेक्षेप्रमाणे, मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तिला छान हसून दाखवले, अगदी डोळ्यांपर्यंत पोहोचणारे. लाडूला ‘काय रे, जेवलास का?’ असेही विचारले. तिसरा मजला गेला, चौथा गेला. आपल्याला हे जमते आहे, असे माझ्या मनात येत होते तेवढ्यात ओवी खाली बघत म्हणाली, ‘आजी, हात सोड ना. दुखतोय.’